पदरमोडीचा प्रवास आणि मराठी प्रवासवर्णन

१

प्रवासवर्णनाचे परीक्षण करताना आपल्याकडे भाषेचा विचार होतो, लेखकाच्या दृष्टीचा होतो, विनोदाचा आणि निसर्गवर्णनाचाही होतो. परंतु एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. या प्रवासाचा खर्च कोणी केला, आणि तो करताना प्रवाशाची कितपत ओढाताण झाली, हा तो प्रश्न होय. कोणाच्या पैशाची चौकशी करणे सभ्यपणाचे नाही, या समजुतीने टीकाकार तो टाळतात आणि लेखकही त्याबद्दल मौन पाळतात. आमच्या मते हा प्रश्न खाजगी नसून वाङ्मयीन आहे. प्रवासी कोणत्या गाडीत बसला, रात्री कोठे झोपला, दुपारी काय खाल्ले आणि ते कोणाच्या शेजारी बसून खाल्ले, यांवरच परका देश त्याला कोणत्या अंगाने दिसणार हे ठरत असते. मराठीतील परदेशविषयक, विशेषतः युरोपविषयक, प्रवासवर्णनांचा या एका अंगाने विचार करावा, एवढाच या लेखाचा मर्यादित हेतू आहे.

त्याला निमित्तही घडले. हैदराबादेतील आमच्या एका माजी विद्यार्थ्याने, जर्मनीत शिकत असताना सुट्टीत केलेल्या अल्पखर्ची प्रवासाची वही आम्हांस वाचावयास दिली. ती छापलेली नाही आणि छापण्यासाठी लिहिलेलीही नाही. तिचा परामर्श पुढे घेऊच. तत्पूर्वी तिच्यामागे उभी असलेली परंपरा पाहणे अवश्य आहे.

२

कमी खर्चात देश हिंडणे ही युरोपातील तरुणांनी काढलेली नवी टूम आहे, असा अनेकांचा समज दिसतो. रिचर्ड शिरमान या जर्मन शिक्षकाने १९१२ मध्ये आल्टेना येथील जुन्या किल्ल्यात पायी हिंडणाऱ्या मुलांसाठी कायम स्वरूपाचे वसतिगृह उघडले आणि तेथून ‘यूथ हॉस्टेल’ची चळवळ जगभर पसरली, हे खरे आहे. परंतु वाटसरूला रात्रीपुरते छप्पर आणि पोटापुरते अन्न समाजाने पुरवावे, ही कल्पना आपल्या धर्मशाळांना आणि अन्नछत्रांना कित्येक शतके ठाऊक होती. पंढरीची वारी हा तर अल्पखर्ची प्रवासाचा आपल्याकडील सर्वांत मोठा पाठ होय. इरावती कर्वे यांनी ‘परिपूर्ती’तील ‘वाटचाल’ या लेखात वारीबरोबर चाललेल्या दिवसांचे वर्णन केले आहे. त्या लेखाचे बळ कशात आहे, याचा विचार केला तर असे दिसते की, समाजशास्त्राच्या या विदुषीला जे कळले ते दिंडीबरोबर चालल्यामुळे आणि तिच्याबरोबर जेवल्यामुळे कळले. मोटारीतून पालखीचे दर्शन घेऊन परतणाऱ्यास त्यांतले फारसे काही गवसले नसते.

मराठी प्रवासवर्णनाच्या आरंभीच अशा पदरमोडीचा, किंबहुना पदरी काही नसल्याचा, ग्रंथ उभा आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये घर सोडून उत्तरेकडे निघाले ते देश पाहण्यासाठी नव्हे. घरावर कर्ज होते, आणि बायजाबाई शिंदे यांनी योजलेल्या यज्ञात दक्षिणा मिळेल अशी आशा होती. वाटेत बंडाने त्यांना गाठले. चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून त्यांनी पुढे हकीकत लिहिली आणि ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. या पुस्तकाचे मोल आपण सामान्यतः झाशीच्या प्रत्यक्षदर्शी वृत्तांतासाठी सांगतो. ते मोल आहेच. परंतु ग्रंथाला एकसूत्रता येते ती पैशाच्या गाठोड्यामुळे, हेही लक्षात घेतले पाहिजे. गाठोडे जमते, लुटले जाते, पुन्हा जमते, पुन्हा जाते. आणि अखेर भटजी घरी परततात ते गंगोदकाची कावड घेऊन. ज्यासाठी निघाले ते हाती लागले नाही आणि जे हाती लागले त्याचा विचार निघताना मुख्य नव्हता, अशी या प्रवासाची रचना आहे. कोणत्याही कादंबरीकाराने हेवा करावा अशी ही रचना लेखकाने योजलेली नाही. ती त्याच्या रिकाम्या कसेने त्याला दिलेली आहे.

दुसरे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. १८८३ मध्ये त्या लहानग्या मनोरमेसह इंग्लंडला निघाल्या. वाटखर्चासाठी त्यांनी आदल्या वर्षी प्रसिद्ध केलेल्या ‘स्त्रीधर्मनीति’ या आपल्याच पुस्तकाच्या विक्रीचा आधार घेतला होता. मराठी पुस्तकाच्या उत्पन्नावर एका विधवा स्त्रीने विलायत गाठावी, ही घटना आजही नवलाची वाटेल. ‘इंग्लंडचा प्रवास’ हे त्यांचे पत्ररूप लेखन आकाराने लहान आहे. परंतु त्यामागे उभी असलेली व्यक्ती कोणाची आश्रित म्हणून निघालेली नाही, हे वाचताना विसरता येत नाही. पुढे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ या १८८९ मधील ग्रंथात त्यांनी परक्या समाजाचे गुणदोष निर्भयपणे तोलले. स्वतःच्या वाटखर्चाची चिंता स्वतः वाहण्याच्या सवयीचा त्या निर्भयतेशी संबंध असावा, असे आम्हांस वाटते.

तिसरे उदाहरण गोव्याचे धर्मानंद कोसंबी यांचे. १८९९ मध्ये ज्ञानाच्या ओढीने घर सोडून हा मनुष्य पुणे, ग्वाल्हेर करीत काशीस गेला. तेथे छत्रात जेवून संस्कृत शिकला आणि पुढे नेपाळ, सिंहलद्वीप व ब्रह्मदेश येथवर पोहोचला. १९२४ मध्ये ग्रंथरूपाने निघालेले त्यांचे ‘निवेदन’ आपण आत्मचरित्रांच्या फडताळात ठेवतो. वस्तुतः द्रव्याविना केलेल्या प्रवासाचे ते मराठीतील एक उत्तम वर्णन आहे.

या शहराच्या वाचकांना आणखी एका प्रवाशाची आठवण करून द्यावीशी वाटते, जरी तो मराठीचा लेखक नाही. यूसुफखान कंबलपोश हा हैदराबादचा. १८२८ मध्ये त्याने हे शहर सोडले, लखनौच्या दरबारात शिपाईगिरी केली, आणि १८३७ मध्ये रजा काढून कलकत्त्याहून गलबताने तो इंग्लंडला गेला. १८४७ मध्ये दिल्लीस छापलेले त्याचे पुस्तक हे युरोपविषयीचे उर्दूतील आद्य प्रवासवर्णन मानले जाते. ‘कांबळे पांघरणारा’ असे नाव मिरवणाऱ्या या शिपायाने नोकरीतील रजा विलायत पाहण्यात घालविली. युरोपात सुट्टी घालवून तिची हकीकत स्वदेशी भाषेत लिहिण्याची वाट हैदराबादच्या माणसाने इतकी आधी मळविली आहे, हे येथील मराठी शिक्षकांस ठाऊक असावे.

३

विसाव्या शतकात युरोपविषयक मराठी प्रवासवर्णनाला खरा बहर आला. अनंत काणेकरांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ १९४० मध्ये निघाले आणि या लेखनाला ललित वळण लागले. गंगाधर गाडगीळांचे ‘साता समुद्रापलीकडे’ १९५९ मध्ये आणि पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ १९६० मध्ये आले. काणेकरांनी समाजरचना पाहिली, गाडगीळांनी स्थळांपेक्षा माणसांकडे लक्ष वळविले, आणि पु. लं.नी स्वतः पाहणाऱ्यालाच वर्णनाचा विषय केले. या तिघांचे ऋण मान्य करूनच पुढील मुद्दा मांडावयाचा आहे.

त्या काळी परदेशी जाणारा मराठी लेखक बहुधा कोणाचा तरी पाहुणा असे. कोणी अभ्यासवृत्तीवर जाई, कोणी शिष्टमंडळातून, कोणी कचेरीच्या कामासाठी. पु. ल. देशपांडे यांनाही आकाशवाणीने १९५८ मध्ये बी.बी.सी.कडे प्रशिक्षणासाठी पाठविले होते, आणि ते आटोपल्यावर ते फ्रान्स व पश्चिम जर्मनी येथे राहिले. याचे कारण लेखकांच्या स्वभावात शोधणे अन्यायाचे होईल. ते कारण चलनाच्या नियमांत होते. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी, सप्टेंबर १९३९ मध्ये, परकीय चलनावर निर्बंध आले. ते स्वातंत्र्यानंतर कायम राहिले आणि १९५७च्या सुमारास परकीय गंगाजळी आटल्यावर अधिक कडक झाले. १९६०च्या दशकात विलायतेस निघालेल्या भारतीयाला खिशात अवघे ३ पौंड नेता येत. १९६६च्या अवमूल्यनापूर्वीच्या दराने त्यांचे ४० रुपये होत. पुढे हा आकडा ८ डॉलरांचा झाला. एवढ्या रकमेत लंडनमध्ये दोन दिवस काढणेही कठीण. तेव्हा घरी कितीही पैसा असो, विमानातून उतरलेला भारतीय हा कायद्यानेच गरीब असे आणि यजमानाशिवाय त्याचे पाऊल पुढे पडत नसे.

या नियमाचा मराठी प्रवासवर्णनाच्या घाटावर काय परिणाम झाला, याचा विचार आमच्या समीक्षेने केलेला नाही. यजमानाच्या घरी उतरलेल्या प्रवाशाच्या लेखनाला कृतज्ञतेचे एक अस्तर आपोआप लागते. यजमान जे दाखवील ते प्रथम दिसते. त्याचे मित्र ते त्या देशाचे प्रतिनिधी ठरतात. आणि त्याच्या टेबलावर बसून त्याच्या देशाविषयी कटू बोलणे सौजन्याला धरून होत नाही. मग असे लेखन स्थळांच्या इतिहासाकडे, चित्रशाळांकडे आणि ऋतूंच्या वर्णनाकडे वळते, कारण तेथे कोणाचा अवमान होण्याचा संभव नसतो. त्या पिढीतील पुष्कळशा दुय्यम प्रवासवर्णनांत हा संकोच जाणवतो. खर्चाचा उल्लेख येतो तो बहुधा क्षमायाचनेच्या किंवा विनोदाच्या सुरात.

‘अपूर्वाई’चे यश या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. हे लेखन आधी ‘किर्लोस्कर’ मासिकातून आले आणि घरोघर वाचले गेले. बावरलेला, संकोची, घरच्या चवीसाठी हळहळणारा मध्यमवर्गीय मराठी माणूस पु. लं.नी विलायतेच्या रस्त्यावर उभा केला. त्याच्या बावरलेपणात पैशाची काळजीही आहे, आणि वाचकाने ती आपली म्हणून ओळखली. जे इतरांनी झाकले ते पु. लं.नी हसून दाखविले, ही त्यांची मोठी कामगिरी होय. मात्र हसण्याला एक मर्यादा असते. हसून झाल्यावर काळजी हलकी होते आणि वाचक पुढच्या प्रसंगाकडे वळतो. त्या काळजीतून परक्या देशातील काळजीत असलेल्या माणसापर्यंत पोहोचण्याची जी वाट आहे, ती विनोदाला सहसा घेता येत नाही. पु. लं.च्या अनुकरणाने लिहिणाऱ्यांनी तर बावरलेपणाची केवळ लकब उचलली. तिच्या मुळाशी असलेले सत्य त्यांच्या हाती लागले नाही.

पुढे काळ पालटला. चलनाचे निर्बंध क्रमाने सैल झाले. २००४ मध्ये व्यक्तीला वर्षाला २५,००० डॉलर बाहेर नेण्याची मुभा मिळाली आणि २०१५ पासून ती मर्यादा २,५०,००० डॉलर झाली. मध्यमवर्गाच्या हाती पैसा आला आणि सहल-कंपन्यांचे युग अवतरले. या सहलींनी हजारो मराठी माणसांना, विशेषतः आयुष्यभर घराबाहेर न पडलेल्या स्त्रियांना आणि वृद्धांना, आल्प्स पर्वत दाखविला, हे पुण्यकर्मच म्हणावे लागेल. परंतु तीतून जे लेखन आले त्याचे वाङ्मयीन मोल अल्प आहे. आगाऊ पैसे भरलेले असतात, जेवण आपले असते, शेजारी आपला असतो आणि बसच्या काचेबाहेर देश सरकत असतो. येथे पदरमोड आहे, परंतु ती घरी बसून एकदाच झालेली आहे. वाटेवर काहीच मोजावे लागत नाही आणि म्हणून कोणाला काही विचारावेही लागत नाही. या काळात मीना प्रभू यांनी निराळी वाट धरली. ‘माझं लंडन’, ‘तुर्कनामा’, ‘ग्रीकांजली’, ‘रोमराज्य’ अशा ग्रंथांतून, स्वतः बेत आखून हिंडणारी आणि परक्यांशी बोलणारी प्रवासिनी त्यांनी मराठीत आणली. २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर ही वाट कोण चालवील, हा प्रश्न आज आपल्यापुढे आहे.

४

आता त्या वहीकडे वळू. लिहिणारा येथील मराठी घरातला. घरात मराठी, गल्लीत तेलुगू आणि दखनी, शाळेत इंग्रजी, असे त्याचे भाषाजीवन. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नसल्यामुळे येथील अनेक मुले तिकडे जातात, त्यांपैकी हा एक. परंतु शुल्क नसले तरी निर्वाहाची हमी द्यावी लागते. तो गेला त्या २०२३ साली वर्षाचे ११,२०८ युरो एका बंद खात्यात आधी भरावे लागत आणि त्यांतून महिन्याला ९३४ युरो काढता येत. याच रकमेतून काही शिल्लक टाकून त्याने सुट्टीत तो देश पाहिला.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात जर्मनीने महिनाभर देशभर चालणारे ४९ युरोंचे तिकीट सुरू केले होते. पुढे त्याचे दर वाढले. तेव्हाच्या भावाने ते सुमारे साडेचार हजार रुपयांना पडे. यात एक अट आहे. ट्राम, बस आणि जवळच्या पल्ल्याच्या गाड्या या तिकिटावर चालतात. वेगवान गाड्या चालत नाहीत. परिणामी म्युनिकहून हाम्बुर्गला वेगवान गाडीने सहा तासांत जाता येते, तेथे या मुलास दिवस मोडावा लागला आणि अनेक ठिकाणी गाडी बदलावी लागली. वहीतील उत्तम पाने याच मोडलेल्या दिवसांत लिहिली गेली आहेत. ज्या गावांची नावे कोणत्याही मार्गदर्शिकेत नाहीत त्यांच्या फलाटांवर त्याने तास तास काढले. तेथे त्याला शाळेतून परतणारी मुले भेटली, पाळीवरून सुटलेल्या परिचारिका भेटल्या, आणि गाडीला उशीर झाला म्हणून परक्याजवळ कुरकुर करणारे जर्मन भेटले. जर्मन माणूस वक्तशीर आणि अबोल असतो, हे आपल्या प्रवासवर्णनांतून पिढ्यान्पिढ्या चालत आलेले वाक्य या फलाटांवर टिकलेले नाही.

एक प्रसंग विशेष उल्लेखनीय आहे. त्या देशात पाण्याच्या व पेयांच्या रिकाम्या बाटल्या दुकानात परत केल्या की अनामत परत मिळते. एकदाच वापरावयाच्या प्लास्टिकच्या बाटलीस २५ सेंट. स्थानकावर कचऱ्याच्या डब्यांत हात घालून अशा बाटल्या गोळा करणारा एक नीटनेटक्या कपड्यांतील वृद्ध मनुष्य त्याने पाहिला. प्रथम त्याला आश्चर्य वाटले, मग लाज वाटली. ही लाज कोणाची, हे त्याला ठरविता आलेले नाही. पुढे त्याच्या ध्यानात आले की तेथील कित्येक लोक आपली बाटली डब्यात न टाकता डब्याशेजारी ठेवून जातात, म्हणजे उचलणाऱ्यास हात घाण करावा लागू नये. त्यानंतर स्वतःच्या हिशेबात त्याने बाटल्यांचे सेंट जमेस धरणे बंद केले. वहीत याची टिप्पणी एका ओळीची आहे. संपन्न देशातील दारिद्र्य आणि त्याच्याभोवतीचा मूक शिष्टाचार, या दोहोंचे असे दर्शन आमच्या वाचनातील युरोपविषयक मराठी ग्रंथांत क्वचितच आढळते. २५ सेंटांचे मोल ज्याला वाटते त्याच्याच नजरेला हे दृश्य पडणार, हे उघड आहे.

दुसरा प्रसंग वायमारचा. गटेचे गाव म्हणून तो तेथे गेला. शाकुंतलावर लुब्ध झालेल्या या कवीचे नाव आपल्याकडे शाळेपासून ऐकू येते. गटेच्या घरास तिकीट होते. त्याने पाकीट पाहिले आणि दिवसाचा हिशेब मांडला. गावाबाहेरच्या टेकडीवर, बसने थोड्याच अंतरावर, बूखेनवाल्ड आहे. १९३७ ते १९४५ पर्यंत नाझींची छळछावणी तेथे होती. स्मारक पाहण्यास पैसे पडत नाहीत, म्हणून तो आधी तेथे गेला आणि सबंध दिवस तेथेच राहिला. संध्याकाळी त्याने लिहिले आहे ते असे की, या देशाने ज्याचा अभिमान आहे त्याला तिकीट लावले आहे आणि ज्याची लाज आहे ते सर्वांस मोफत उघडे ठेवले आहे. हा विचार कोणी त्याला शिकविलेला नाही. पैसे वाचविण्याच्या धडपडीतून तो त्याच्यापर्यंत पोहोचला.

तिसरा प्रसंग रविवारचा. जर्मनीत रविवारी दुकाने बंद असतात, हे विसरल्यामुळे एका लहान गावी त्याच्यावर उपाशी राहण्याची पाळी आली. उतरला होता त्या ठिकाणच्या सामाईक स्वयंपाकघरात एका सीरियन तरुणाने आपल्या भांड्यातील मसुरीचे वाडगे त्याच्यापुढे केले. दोघांची जर्मन तोडकीमोडकी. मसुरीस दोघांच्या भाषांत काय म्हणतात, एवढ्यावरच बोलणे सुरू झाले आणि रात्र सरली. ज्याला उपाहारगृह परवडते त्याला ही मसूर मिळत नाही.

५

येथे एक शंका उपस्थित होईल. मग काय गरिबी हाच प्रवासवर्णनाचा गुण समजावयाचा? कमी पैशांत हिंडणारा तो मोठा लेखक आणि भाडे भरून राहणारा तो सामान्य, असा हा हिशेब आहे काय? तसे मुळीच नाही; आणि ही वहीच त्याची साक्ष देते, कारण तिच्यात दोषही आहेत.

पहिला दोष गुणाकाराचा. प्रत्येक वस्तूची किंमत रुपयांत काढण्याचा परदेशस्थ भारतीयाचा जुना रोग या वहीतही आहे. पहिल्या वीस पानांत पाव, सफरचंद, शौचालय आणि टपालखर्च यांखेरीज फारसे काही नाही. किंमत कळली म्हणजे वस्तू कळली असे नव्हे. काटकसर ही दृष्टी तीक्ष्ण करते. कद्रूपणा तिला झापड लावतो. या दोहोंमधील अंतर लिहिणाऱ्याने ओळखले पाहिजे. पुढील पानांत या मुलाने ते ओळखले आहे. परंतु आरंभीची पाने त्याने काढून टाकलेली नाहीत.

दुसरा दोष अभिमानाचा. किती कमी पैशांत आपण किती हिंडलो, याची प्रौढी मधून मधून डोकावते. जगभरच्या अल्पखर्ची प्रवासलेखनाला ही खोड आहे. १९५७ मध्ये आर्थर फ्रॉमर यांनी दिवसाला ५ डॉलरांत युरोप पाहण्याचे पुस्तक काढले तेव्हापासून आकड्यांची ही चढाओढ चालली आहे. बाटल्या वेचणाऱ्या वृद्धाचे दारिद्र्य आणि सुट्टीपुरते पत्करलेले दारिद्र्य यांत मूलभूत भेद आहे. एकाला परतीचे तिकीट नसते. हा भेद विसरणारा प्रवासी दुसऱ्याच्या हालअपेष्टांना आपल्या साहसाचे नेपथ्य करून टाकतो.

तिसरा दोष आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो वगळण्याचा आहे. ही वही त्याने आपल्या आजीसाठी लिहिली. ती केवळ मराठी वाचते. आठवड्याच्या दूरध्वनीवर तिचे तीन प्रश्न ठरलेले असत: कोठे झोपलास, काय खाल्लेस, किती पडले? वहीचा सारा आराखडा या तीन प्रश्नांनी बांधलेला आहे आणि तिचा जिवंतपणाही त्यांचाच आहे. परंतु वही देताना तो सहज बोलून गेला की, बंद खात्यातील रकमेसाठी वडिलांनी कर्ज काढले असून ते फेडावयाचे आहे. वहीत पावाच्या तुकड्याची किंमत सेंटापर्यंत आहे. या कर्जाचा आकडा मात्र कोठेही नाही. आजीला घोर लागेल म्हणून तो गाळला, असे त्याने सांगितले. त्याची माया आम्ही समजू शकतो. तरीही वाचक म्हणून आम्हांस असे म्हणणे भाग आहे की, ज्या एका आकड्याने उरलेल्या सर्व आकड्यांना अर्थ आला असता तोच येथे नाही. मोफत स्मारकाकडे वळलेली पावले, मोडलेले दिवस, जमेस धरलेले आणि नंतर न धरलेले सेंट, या सर्वांच्या मागे ते कर्ज उभे आहे. विष्णुभट गोडसे यांनी घरचे कर्ज प्रारंभीच सांगितले, आणि म्हणून त्यांच्या वाटेवरील प्रत्येक मोहोरेला वजन आले. वरसईचा भिक्षुक कर्जापायी उत्तरेस गेला. हैदराबादचा विद्यार्थी कर्ज काढून पश्चिमेस गेला. मध्ये दीडशेहून अधिक वर्षे लोटली आहेत, परंतु वाङ्मयाची मागणी बदललेली नाही.

भाषेविषयी दोन शब्द. वहीत दखनी शब्द आहेत, तेलुगूच्या वळणाची वाक्ये आहेत आणि जर्मन नावे त्याने कानाला जशी ऐकू आली तशी लिहिली आहेत. शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त करता येतील. बाकीचे तसेच राहू द्यावे, असे आमचे मत आहे. हैदराबादच्या मराठीने जर्मनी पाहिला तर तो हैदराबादच्या मराठीतच उमटला पाहिजे.

६

या विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा. प्रवासाचा खर्च ही प्रवासवर्णनाची बाहेरची बाब नाही. प्रवासी पाहुणा आहे, गिऱ्हाईक आहे की वाटसरू आहे, हे त्या खर्चावरून ठरते, आणि तिघांना दिसणारे देश तीन असतात. पाहुण्याचा देश आणि गिऱ्हाइकाचा देश मराठीत पुष्कळ आला. वाटसरूचा देश गोडसे, रमाबाई, कोसंबी यांनी आरंभी आणला आणि नंतर त्याची परंपरा क्षीण झाली.

ती पुन्हा जोम धरण्यास आजच्याइतका अनुकूल काळ पूर्वी नव्हता. आमच्या शहरांतून शेकडो मुले मोजक्या पैशांवर परदेशी जात आहेत आणि सुट्ट्यांत हिंडत आहेत. ती काय पाहतात हे आपल्याला कळत नाही, कारण ती मराठीत लिहीत नाहीत. आणि ती मराठीत लिहीत नाहीत, कारण आपण त्यांना कधी विचारत नाही. महाराष्ट्राबाहेरील मराठीची चिंता वाहणाऱ्या संस्थांनी आणि शिक्षकांनी स्पर्धा व पारितोषिके योजण्यापूर्वी हे साधे काम करून पाहावे. आपल्या माजी विद्यार्थ्यास पत्र पाठवून त्या आजीचे तीन प्रश्न विचारावेत. उत्तरे आली की त्यांतून निवड करणे हे आमच्यासारख्यांचे काम.

वही आम्ही परत केली. तिच्या आरंभी एक पान कोरे आहे. त्यावर कर्जाची हकीकत लिहावी आणि मग वही आजीला वाचून दाखवावी, असे त्यास सुचविले. तो काही बोलला नाही. मात्र जाताना त्याने विचारले की, आजीने ते पान वाचल्यावर जर्मनीतील बाकीचे तिला आवडेल का? आम्ही त्यास एवढेच सांगितले की, तिला ते तेव्हाच नीट कळेल.